एसकाका

काही माणसांना हरणारी बाजू लांबूनच ओळखू येते आणि ती धावत जाऊन तिलाच मिठी मारतात. दुकानात दोन वस्तू शेजारीशेजारी मांडा. पाच वर्षांनी जिचे सुटे भाग मिळेनासे होणार असतील, नेमकी तीच हे उचलणार. आणि नुसती उचलून थांबणार नाहीत, दुसरी घेणाऱ्यांची मनापासून कीव करत घरी येणार. व्हिडिओ आला तेव्हा जगाने व्हीएचएस घेतला, यांनी बीटामॅक्स. मग मिनिडिस्क. पुढे ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडीची जुंपली तेव्हा यांनी एचडी डीव्हीडीचं यंत्र घेतलं, आणि २००८ साली तोशिबाने हात वर केले. असल्या माणसाला आपण 'फसला बिचारा' म्हणतो. पण तो फसलेला नसतो. चित्र बीटामॅक्सचंच चांगलं होतं, असं तो तुम्हाला सांगेल. वैताग असा, की ते खरंही असतं.

आमच्या इंग्लंडातल्या मराठी मंडळात असे एक काका आहेत. सगळे त्यांना एसकाका म्हणतात. नवी आलेली आयटीवाली पोरं 'एस. काका' असं ऐकतात आणि हा 'एस' सुधाकरचा की सदाशिवचा यावर तर्क लढवतात. जुन्यांपैकी कुणी त्यांना खरं सांगत नाही. कारण खरं सांगायचं तर काका तिथे आसपास असतात, आणि 'ज्युपिटर एस' हे शब्द त्यांच्या कानावर पडले की संध्याकाळ गेली.

तरी सांगतो. इथे काका नाहीत.

१९८२ साली केंब्रिजला घरगुती संगणकांचं नुसतं पीक आलं होतं. क्लाइव्ह सिंक्लेअरची कंपनी तिथली, बीबीसी मायक्रो बनवणारी एकॉर्नही तिथलीच. एप्रिलमध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला. रंगीत चित्र, रबरी बटणं, १६ किलोबाइट मेमरीचा १२५ पौंडांना. त्याचं हार्डवेअर ज्यांच्या हातून घडलं ते रिचर्ड आल्टवॉसर, आणि त्याचं बेसिक ज्यांनी लिहिलं ते स्टीव्हन व्हिकर्स. स्पेक्ट्रम बाहेर पडतोय न पडतोय तोच या दोघांनी आपली वेगळी चूल मांडली, तिचं नाव ज्युपिटर कँटॅब. आणि त्याच वर्षी स्वतःचं यंत्र बाजारात आणलं, ज्युपिटर एस. किंमत ८९.९५ पौंड.

इथपर्यंत काका शांतपणे सांगतात. मग डोळे बारीक करून विचारतात, "आणि हा एस कुणी मारला, माहितेय?" आपण गप्प राहायचं. "स्पेक्ट्रमनं! ज्यांनी जन्माला घातला त्यांच्याच थोरल्यानं धाकट्याचा गळा दाबला." काकांचा आवाज अशा वेळी भाऊबंदकीच्या खटल्यात साक्ष द्यायला उभं राहिल्यासारखा येतो.

एस पांढरा होता. पातळ, जरा दाबलं की दबेल अशा प्लास्टिकची खोळ, वर रबरी बटणं. चित्र काळं-पांढरं, तेही घरच्या टीव्हीवर. ३२ अक्षरांच्या २४ ओळी. मेमरी ३ किलोबाइट. त्यातला एक पडद्याला, एक अक्षरांच्या आकारांना, म्हणजे तुमच्या हाती राहिला एक. एक किलोबाइट म्हणजे १०२४ बाइट. आजच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे साडेतीनशेपेक्षाही कमी चिन्हं. काका मंडळाच्या ग्रुपवर रोज सकाळी जो संदेश टाकतात, त्यातला निम्मासुद्धा काकांच्या लाडक्या यंत्रात मावणार नाही. हे मी एकदा त्यांना म्हणालो. ते म्हणाले, "म्हणून तर तेव्हा माणसं विचार करून लिहायची."

मग असं काय होतं त्यात? त्यात फोर्थ होतं.

त्या काळी घरगुती संगणक म्हणजे बेसिक भाषा, हे ठरलेलं. एस हा बेसिकऐवजी फोर्थ घेऊन दुकानात उतरलेला जवळजवळ एकटाच. चार्ल्स मूर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ही भाषा केली, १९७०च्या आगेमागे, आणि ती पहिल्यांदा नावारूपाला आली ती रेडिओ दुर्बिणी चालवायला. कमी जागेत मावते, वेगाने पळते. एसच्या जाहिरातीत बेसिकच्या दहापट वेगाचा दावा होता. काका तो दावा म्हणून सांगत नाहीत, वेदवाक्य म्हणून सांगतात.

फोर्थमध्ये आधी आकडे द्यायचे, मग त्यांचं काय करायचं ते सांगायचं. २ ३ + . असं टाइप करून बटण दाबलं की यंत्र म्हणतं ५, आणि पुढे 'ओके'. बेसिकमध्ये हेच 'छाप, दोन अधिक तीन' असं हुकूम सोडून सांगावं लागतं. "आता मला सांग," काका म्हणतात, "आपण कसं बोलतो? दोन नि तीन मिळव नि दाखव. क्रियापद शेवटी! इंग्रज माणसाला आधी क्रियापद लागतं, म्हणून त्याला ते जमलं नाही. हे यंत्र सांगलीत विकायला हवं होतं." आता यात तथ्य अजिबात नाही असं म्हणता येत नाही, हीच काकांच्या बाबतीत नेहमीची अडचण. प्रत्येक सिद्धान्ताचे पहिले तीन चतुर्थांश बरोबर असतात. तुम्ही मान डोलावत त्यांच्याबरोबर चालत जाता आणि शेवटच्या वळणावर सांगली येते.

एका गणपतीत तर त्यांनी महाप्रसादाची रांग अडवली होती. चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला, ताटं हॉलचीच, चिनी मातीची. एका नव्या जावयाने सभ्यपणे विचारलं, "फोर्थमध्ये ते स्टॅक म्हणजे नक्की काय असतं, काका?" काकांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर ताटांची चळत! काकांचा चेहरा असा उजळला की जावई तिथेच एक पाऊल मागे सरकला. "हे बघ. दोन ठेवलं." ताट. "तीन ठेवलं." त्यावर ताट. "अधिक म्हटलं की वरची दोन उचलायची आणि त्या जागी पाच ठेवायचं." दोन ताटं बाजूला, नवं एक चळतीवर. "शेवटी ठेवलेलं आधी निघणार. हा मुख्य नियम. आता 'डुप' म्हणजे वरच्याची जोडी करायची. 'स्वॅप' म्हणजे वरच्या दोघांची अदलाबदल." मागे रांग दारापर्यंत गेलेली, वाढप्यांचे हात थांबलेले, मसालेभात निवत चाललेला. काकांनी वरचं ताट दोन्ही हातांनी उंच धरलं आणि म्हणाले, "आणि ही सगळ्यांत सोपी आज्ञा, 'ड्रॉप'..."

काकूंनी मागून येऊन ताट काढून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. हॉलच्या अनामत रकमेचा हिशोब त्यांच्याकडे होता.

काकू हा स्वतंत्र विषय आहे, पण त्यांना या प्रकरणात एवढीच जागा मिळते, जशी घरात मिळते. १९८३च्या सुरुवातीला घरात कपडे धुण्याचं यंत्र यायचं ठरलं होतं. पैसे बाजूला काढलेले होते. टपालाने खोकं आलं ते मात्र फारच हलकं होतं. "मी उचललं तेव्हाच मला कळलं," काकू सांगतात, "यात कपडे धुतले जाणार नाहीत."

मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला स्पेक्ट्रम हवा होता, कारण वर्गातल्या सगळ्यांकडे स्पेक्ट्रम होता आणि स्पेक्ट्रमवर खेळ होते. त्याच वर्षी 'मॅनिक मायनर' आला आणि पोरं शाळेत दुसरं काही बोलेनाशी झाली. शिवाय १६ किलोबाइटच्या स्पेक्ट्रमची किंमत शंभराच्या खाली आली. म्हणजे एसपेक्षा जेमतेम दहा पौंड जास्त देऊन रंग मिळत होते, दुकानांच्या फळ्याच्या फळ्या भरून खेळ मिळत होते. काकांनी मुलाला समोर बसवून सांगितलं, की खेळ विकत घेणं हे गुलामाचं लक्षण, खेळ स्वतः लिहायचा असतो. मुलाने लिहिलाही. एक ठिपका पडद्याच्या डावीकडून उजवीकडे जात असे, फारच वेगाने. तो मुलगा आज दातांचा डॉक्टर आहे. दवाखान्यातला संगणक बंद पडला तर तो खोलीबाहेर जातो आणि कुणीतरी चालू करेपर्यंत आत येत नाही.

एक गोष्ट मात्र काकांच्या बाजूने नोंदवायला हवी, आणि ती मी चेष्टेत घालणार नाही. एसमध्ये सगळ्या १२८ अक्षरांचे आकार मेमरीत बसत, आणि ते तुम्हाला हवे तसे बदलता येत. आठ ओळी, प्रत्येकीत आठ ठिपके. शून्य म्हणजे विझलेला, एक म्हणजे पेटलेला. काकांनी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने देवनागरी बसवायला घेतली. ती वही मी पाहिली आहे. वरची एक ओळ शिरोरेषेने खाल्ली, उरल्या सात. 'ग' बसला, 'म' बसला, 'न' सहज बसला. 'ण'चे तीन उभे दांडे, त्यांच्यात दोन फटी आणि शेजारच्या अक्षराला चिकटू नये म्हणून सोडायची जागा, यांत आठ ठिपके कसे वाटायचे यावर काकांची सात पानं खर्ची पडली आहेत. मात्रा शिरोरेषेच्या वर जाते, म्हणजे तिला वरच्या घरात हात घालावा लागतो, म्हणजे एका 'णे'ला दोन घरं. वेलांटी तर दोन घरांवरून वळून येते. पानांच्या कडेला शून्यं आणि एक यांच्या रांगा, खोडलेल्या, पुन्हा लिहिलेल्या, आणि कुठेकुठे चहाचे डाग. ऑफिसातून आल्यावर रात्री बसून हा माणूस हे करत होता, कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं.

१९८३च्या गणपतीत काकांनी एस आणि घरचा टीव्ही मंडळाच्या आराशीत ठेवला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'श्री गणेशाय नमः' उमटलं. माणसं आरतीनंतर पाया पडून टीव्हीलाही नमस्कार करून जात होती. काकूंचं मत विचाराल तर 'ण' ओळखू येत नव्हता, पण संदर्भाने लागत होता. हे सगळं साधारण पाऊण तास चाललं. एसला चालू-बंद करायचं बटण नव्हतं, भिंतीतला प्लग काढला की संपलं. आणि मग कुणीतरी चहाची किटली लावायला एक प्लग काढला.

हे काम कॅसेटवर साठवलेलं होतं, असं काका आजही सांगतात. कॅसेट आहेसुद्धा. टेपरेकॉर्डरचा आवाज नेमका किती ठेवायचा हे त्या काळी अंदाजाने साधावं लागे. जरा कमी झाला तर यंत्राला ऐकू येत नाही, जरा जास्त झाला तर कळत नाही. ती कॅसेट त्यानंतर कधीही उघडली गेली नाही. काकांच्या मते दोष टेपरेकॉर्डरचा आहे. तो टेपरेकॉर्डर कोणत्या जातीचा होता हे मी विचारलं नाही. पहिल्या परिच्छेदावरून अंदाज यावा.

त्या वर्षाअखेरीस ज्युपिटर कँटॅबचं दिवाळं निघालं. बाजारात येऊन पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं. उरलेला माल बोल्डफील्ड नावाच्या कंपनीने उचलला आणि पडेल किमतीत विकला. एकूण एस विकले गेले ते काही हजारच. स्पेक्ट्रम ५० लाखांच्या घरात गेला. व्हिकर्स पुढे गणिताकडे वळले, तर्कशास्त्र आणि टोपॉलॉजीत रमले. काकांना हे फार आवडतं. "बघ," म्हणतात, "शेवटी त्यांनी बाजारच सोडला."

माझं मत विचाराल तर एस मेला तो भाषेमुळे नव्हे. दिसायला तो कालचा होता. स्पेक्ट्रम रंगात आलेला असताना कृष्णधवल यंत्र आणायचं, तेही तीन किलोबाइटचं, तेही ज्या गिऱ्हाइकाला फक्त उड्या मारणारा माणूस हवाय त्याच्यासाठी, हे गणित तिथेच चुकलं. हुशार माणसं आपल्याइतकीच हुशार गिऱ्हाइकं गृहीत धरतात आणि मग काही हजारांवर थांबतात. हे मी काकांसमोर बोललेलो नाही.

पाहुण्यांचे हाल वेगळेच. भारतातून कुणी आलं, की काका त्यांना लंडन दाखवायला नेतात. लंडन म्हणजे साउथ केन्सिंग्टनचं सायन्स म्युझियम, आणि सायन्स म्युझियम म्हणजे त्यातला पायलट एस. ज्युपिटरचं नाव ज्याच्यावरून पडलं तो हा मूळपुरुष. टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत अॅलन ट्युरिंगच्या आराखड्यावरून उभा केलेला, १९५० साली चालू झालेला. "आणि तो चालू झाला तेव्हा ट्युरिंग कुठे होता?" काका विचारतात. विहीणबाईंचे पाय दुखत असतात, त्यांना कोहिनूर बघायचा असतो. "सोडून गेला होता! कंटाळून मँचेस्टरला गेला होता!" एसच्या घराण्यात पोरकेपण पिढीजात आहे, याचा काकांना कोण अभिमान.

एकदा पुण्याचा भाचा ऑनसाइट म्हणून इकडे आला. मोठ्या हुद्द्यावरचा. मामांनी जेवायला बोलावलं आणि पहिला घास घ्यायच्या आत विचारलं, "तू पहिल्यांदा हात कशावर बसवलास?"

"स्पेक्ट्रमवर, मामा. तिकडे परवाना घेऊन निघाला होता ना, डीबी स्पेक्ट्रम प्लस. आमच्या क्लासमध्ये होता."

काका बराच वेळ आमटीत चमचा फिरवत राहिले. मग मोठ्या मनाने म्हणाले, "तुझा दोष नाही. लहान होतास."

काकांच्या आयुष्यात विजयाचा दिवस एकच. १२ नोव्हेंबर २०१४. रोझेटा यानातून सुटलेला फिले नावाचा लँडर त्या दिवशी एका धूमकेतूवर उतरला. माणसाने धूमकेतूवर यंत्र उतरवण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्या लँडरच्या पोटात फोर्थ चालवणारा प्रोसेसर होता. काकांनी मंडळाच्या ग्रुपवर लागोपाठ संदेश टाकले, घरोघर फोन केले, काकूंना पेढे करायला लावले. पेढे वळून होईपर्यंत बातमी आली होती, की लँडरला स्वतःला खिळवून धरता आलं नाही, तो दोनदा उसळला आणि कुठल्यातरी कड्याच्या सावलीत जाऊन पडला. सावलीत सौर पट्ट्यांना ऊन पुरेना. अडीच दिवसांत बॅटरी संपली आणि तो झोपी गेला.

आम्हाला वाटलं काका खचतील. काका दुसऱ्या आठवड्यात भेटले ते दुप्पट तेजात. "भाषा चोख चालली हो," ते म्हणाले, "दगा सावलीनं दिला."

अलीकडे मात्र त्यांच्यावर खरं संकट आलंय. एस जिंकायला लागलाय. जुना, चालू स्थितीतला एस आता काही शे पौंडांना जातो. त्यात खास घडवलेली चिप नव्हती, सगळ्या बाजारात मिळणाऱ्या साध्या चिप्स. त्यामुळे हौशी मंडळी आज नव्याने बोर्ड बनवून, सोल्डर मारून नवे एस उभे करतात. ज्या काटकसरीपायी तो गरीब दिसत होता, त्याच काटकसरीने त्याला पुनर्जन्म दिला.

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात एक पंचविशीचा मुलगा काकांना शोधत आला. "काका, तुमच्याकडे ओरिजिनल ज्युपिटर एस आहे? खरंच? मॅन्युअलसकट?" त्याला सगळं माहीत होतं. व्हिकर्सनी लिहिलेलं ते मॅन्युअल त्याने वाचलं होतं. लिहिलेला शब्द यंत्रात गेल्यावर पुन्हा जसाच्या तसा पडद्यावर मागवता येतो, ही एसची खुबी त्याला काकांच्या आधी सांगायची होती. "स्पेक्ट्रमपेक्षा कितीतरी सुंदर डिझाइन," तो म्हणाला. "लोकांना कळलंच नाही."

काकांनी वाद घालायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. समोर विरोधी पक्षच नव्हता. चाळीस वर्षं ज्या खटल्यात ते उभे होते, त्यात निकाल बाजूने लागला होता आणि आता कोर्टात यायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी चिवडा खाल्ला. पाणी प्यायले. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "तसा मेमरीला फारच कमी होता तो."

शेजारी काकू करंज्या वाढत होत्या. त्यांचा हात वाटेतच थांबला.

"तुला लिंक्स माहितेय?" काकांनी मुलाला विचारलं. मुलाला माहीत नव्हता. काकांच्या पाठीचा कणा सरळ झाला. खुर्ची पुढे ओढली. "कॅम्प्युटर्स लिंक्स. केंब्रिजचाच. १९८३. ४८ किलोबाइट, रंगीत, बटणं खरी, रबरी नव्हेत. २२५ पौंड. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. का बुडाली, माहितेय?" मुलाने घड्याळाकडे पाहिलं. काही गोष्टी नव्या पिढीलाही पटकन कळतात.

परवा काकूंचा फोन आला. "शनिवारी जेवायला ये. हे आठवणच काढत होते. आणि ऐक, हॉलमध्ये एक मोठं खोकं दिसेल. त्यात काय आहे ते विचारू नकोस. नुसतं बघूही नकोस. तुझी शेवटची गाडी साडेअकराची आहे ना?"